चवीपुरते मीठ म्हणजे किती?

पाककृती सांगताना आपल्याकडे डाळीचे माप वाटीत सांगतात, तिखटाचे चमच्यात सांगतात, आणि मिठापाशी आले की ‘चवीपुरते’ म्हणून मोकळे होतात. या मापात एक मेख आहे. जिभेची चव निसर्गाने कायमची ठरवून दिलेली नसते. रोज जितके मीठ पोटात जाते तितके जिभेला बरोबर वाटू लागते, आणि त्याहून थोडे कमी पडले की आमटी अळणी लागते. म्हणजे माप आणि मोजणारा दोघेही एकमेकांच्या संगतीने वाढत जातात!

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढ माणसाने दिवसाला ५ ग्रॅमहून कमी, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा भरेल एवढेच मीठ खावे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या एका संस्थेने २०१७-१८ साली केलेल्या देशव्यापी पाहणीत प्रौढांचे सरासरी प्रमाण ८ ग्रॅम आढळले, पुरुषांत ८.९, तर स्त्रियांत ७.१.

कोल्हापूरच्या घरात हे येते कोठून? वसंतातील व्याख्याने चालतात त्याच दिवसांत गच्चीवर पापड-सांडगे वाळत असतात, कैरीच्या फोडी मिठात मुरत असतात आणि वर्षाची कांदा-लसूण चटणी डंकावरून कुटून येते. मीठ या सर्वांत असतेच. पुढे ती चटणी रश्श्यात पडते, रश्श्याला वेगळे मीठ लागते, ताटात पापड आणि लोणचे असते. बाहेर मिसळ खाल्ली तर तिच्या कटात मीठ, फरसाणात मीठ, पावातही मीठ. पापडखार आणि खाण्याचा सोडा यांत मीठ नसले तरी सोडियम असतेच, आणि अपाय होतो तो मुख्यतः सोडियमचा. सैंधवही बव्हंशी तोच पदार्थ होय. नावाच्या पावित्र्याने त्याचा गुण बदलत नाही.

सोडियम शरीरात पाणी धरून ठेवते. रक्ताचे आकारमान वाढते, मूत्रपिंडांना जादा सोडियम बाहेर टाकण्यासाठी अधिक दाब लागतो, आणि वर्षानुवर्षे तो दाब रक्तवाहिन्यांच्या भिंती सोसत राहतात. पुष्कळदा माणसाला काहीच जाणवत नाही. पहिली सूचना मिळते ती अर्धांगवायूने.

उत्तर जपानची हकीकत येथे सांगण्याजोगी आहे. हिवाळ्यात ताजी भाजी नाही, म्हणून खारवलेल्या भाज्यांवर आणि खारट मिसोवर राहणाऱ्या तेथील लोकांच्या पोटात १९५०च्या सुमारास रोज २० ग्रॅमहून अधिक मीठ जाई, आणि मेंदूतील रक्तस्रावाने भर उमेदीतील माणसे दगावत. पुढे तेथे मीठ कमी करण्याची मोहीम चालली, रक्तदाबावर उपचारही सुरू झाले, आणि हे मृत्यू पुष्कळ घटले. आपले वाळवणही पावसाळ्याच्या बेगमीसाठीच होते. आता आषाढातही मंडईत भाजी मिळते, पण ताटातला पापड हलला नाही.

१९३० साली शिरोड्याच्या मिठागरांवर सत्याग्रह झाला तेव्हा प्रश्न गरिबाच्या मिठावरील कराचा होता. आज मीठ इतके स्वस्त आहे की ते कोणी मोजीतच नाही. ‘घाम गाळणाऱ्याला मीठ हवेच’ असे कोणी म्हणेल. उसाच्या फडात राबणाऱ्याबाबत त्यात तथ्य आहे. पंख्याखाली गादीवर बसणाऱ्याने मात्र त्याचा आधार घेऊ नये.

युरोप-अमेरिकेत बहुतेक मीठ कारखान्यातील खाद्यपदार्थांतून येते, म्हणून तेथील सरकारे पाव करणाऱ्यांना गाठतात. आपल्याकडे मोठा वाटा अजून घरच्या चुलीवरच पडतो. पाच प्रौढ माणसांच्या घरात माणशी ५ ग्रॅम धरले तर महिन्याला पाऊण किलो मीठ होते, तेही पापड, लोणचे, बाहेरचे खाणे धरून. आपली पुडी किती दिवस पुरते ते एकदा तारीख घालून पाहावे. कमी करायचे तर एकदम करू नये; घरात तंटा होतो. दर पंधरवड्याला थोडे उतरवावे. काही आठवड्यांत जीभ नव्या मापाला सरावते, आणि पूर्वीचे जेवण खारट लागू लागते. पोटॅशियम मिसळलेले कमी सोडियमचे मीठही बाजारात मिळते. चीनमधील ६०० खेड्यांत त्याचा प्रयोग झाला, आणि २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांत पक्षाघाताचे प्रमाण घटलेले दिसले. परंतु ज्यांची मूत्रपिंडे अधू आहेत त्यांनी ते डॉक्टरांना विचारल्यावाचून घेऊ नये.