व्होल्ट, अँपिअर, वॅट : सूत्र पाठ, तरी उत्तर चूक

व्होल्टेजला करंटने भागले की रोध मिळतो, गुणले की शक्ती. शाळेत घोकलेली ही दोन्ही सूत्रे बरोबर आहेत. चूक होते ती व्होल्टेज, करंट आणि रोध यांपैकी काय कायम आहे आणि काय बदलते आहे, हे न पाहता आकडे घातल्यामुळे.

गैरसमज : जास्त वॅटच्या उपकरणाचा रोध जास्त असतो.

वस्तुस्थिती : घरातल्या पुरवठ्याचे व्होल्टेज 230 धरू. 2000 वॅटचा गिझर 2000 ÷ 230, म्हणजे सुमारे 8.7 अँपिअर करंट घेतो. मग त्याचा रोध 230 ÷ 8.7, म्हणजे सुमारे 26 ओहम. 1000 वॅटच्या इस्त्रीचा रोध याच हिशेबाने 53 ओहम येतो. व्होल्टेज कायम असेल, तर कमी रोधाचे उपकरण जास्त वीज खाते.

गैरसमज : रोध वाढला की उष्णता नेहमी वाढते.

वस्तुस्थिती : हे करंट कायम असेल तेव्हाच खरे. 40 आणि 100 वॅटचे जुने पिवळे बल्ब एकापुढे एक, म्हणजे एकसर जोडले, तर दोघांतून सारखाच करंट जातो. मग जास्त रोधाचा 40 वॅटचा बल्बच अधिक उजळतो. घरातल्यासारखे समांतर जोडले, तर 100 वॅटचा.

गैरसमज : मल्टिमीटरने मोजलेला रोध हाच चालू उपकरणाचा रोध.

वस्तुस्थिती : 100 वॅटच्या बल्बचा रोध सूत्राने 529 ओहम येतो, पण बंद बल्बाला मल्टिमीटर लावला तर तो साधारण 40 ओहमच दाखवतो. बल्ब बिघडलेला नसतो. पेटल्यावर त्याची टंगस्टनची तार सुमारे 2500 अंश सेल्सिअसपर्यंत तापते आणि रोध कितीतरी पटींनी वाढतो. बल्ब बहुधा बटण दाबताक्षणी का उडतो, याचे एक कारण हेच : थंड तारेतून क्षणभर भरमसाट करंट जातो. गिझरच्या कॉइलचा रोध मात्र तापल्यावरही फारसा बदलत नाही.

गैरसमज : व्होल्टेज कमी झाले की करंट वाढतो.

वस्तुस्थिती : गिझरचा रोध कायम असल्याने 180 व्होल्टला करंट घटून 6.8 अँपिअर होतो आणि शक्ती 2000 वरून सुमारे 1225 वॅटवर येते. पाणी तापायला वेळ लागतो तो यामुळे. लॅपटॉपचा चार्जर मात्र लागणारी शक्ती कायम राखू पाहतो, म्हणून कमी व्होल्टेजला तो जास्त करंट ओढतो.

गैरसमज : व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे नेहमी वॅट.

वस्तुस्थिती : गिझर-इस्त्रीसाठी हो. मोटारीसाठी उत्तराला पॉवर फॅक्टरनेही गुणावे लागते. 2 अँपिअर घेणाऱ्या मोटारीचा पॉवर फॅक्टर 0.8 असेल, तर शक्ती 460 नव्हे, 368 वॅट.

गैरसमज : एमसीबी पडला नाही, म्हणजे सगळे ठीक.

वस्तुस्थिती : 6 अँपिअरच्या सॉकेटची मर्यादा 230 × 6, म्हणजे 1380 वॅट. तिथे कन्व्हर्जन प्लग लावून गिझर चालवला, तर 8.7 अँपिअरला 10 अँपिअरचा एमसीबी पडत नाही. पण सॉकेटमध्ये लूज काँटॅक्टमुळे 0.2 ओहम जरी रोध असला, तरी तेवढ्याशा जागेत 8.7 × 8.7 × 0.2, म्हणजे सुमारे 15 वॅट उष्णता साठत राहते. प्लास्टिक काळे पडते ते त्यानेच. गिझरला 16 अँपिअरचाच पॉइंट हवा.