आकड्यांचं भय शिवारापर्यंत येतं

कृषी पदवीच्या वर्गात सांख्यिकीचा तास आला की काही पोरांच्या कपाळावर आठ्या पडतात. ‘आपलं गणित कच्चं, हे कुठलं जमायचं?’ हे ठरलेलं बोलणं. गणिताचा पाया हवाच, यात वाद नाही. पण अभ्यासकांच्या मते ‘मला जमेल’ हा विश्वासही तितकाच मोलाचा. शिवाय स्वभाव आहेच. नेमाने काम करणारा विद्यार्थी टिकतो. काळजीखोर किंवा चालढकल करणारा आधीच हबकतो. अमेरिकेत १९९५ साली कँडेस शाउ व सहकाऱ्यांनी ही वृत्ती मोजणारी प्रश्नावली प्रसिद्ध केली. तीत विषयाची गोडी, स्वतःच्या कुवतीवरचा भरवसा, उपयोग आणि कठीणपणा असे चार भाग होते.

गावाला याचं काय? उद्या हाच पोरगा पीक कापणी प्रयोगाला तुमच्या शिवारात येईल. प्रयोगाचं शेत चिठ्ठी काढल्यागत, कुणाची मर्जी न चालता ठरावं लागतं. रस्त्याकडेचं सोयीचं चालत नाही. हे मर्म न कळलेला माणूस त्याला कागदी काम समजतो. मग सरासरी उत्पन्न चुकतं आणि विम्याची भरपाईही चुकते.

सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी १९११ साली जन्मलेल्या डॉ. पां. वा. सुखात्मे यांनी या प्रयोगांना देशात शास्त्रीय बैठक दिली. प्रयोगाच्या दिवशी सरपंचांनी शाळेतली मोठी पोरंही बांधावर न्यावीत. दोरी, काटा आणि पोतं समोर असलं की आकडा परका वाटत नाही.