‘त्यांना काही सांगू नका, डॉक्टर!’

कॅन्सरचं निदान झालं की घरात पहिली बैठक बसते ती उपचारांबद्दल नसते, कुणाकुणाला सांगायचं याबद्दल असते. आत्याला सांगायचं, पण तिच्या सासरी नको. धाकटीचं लग्न ठरायचंय, तेव्हा शेजारीपाजारी नकोच. आणि सगळ्यात ठाम निर्णय असा की ज्याला आजार झालाय त्याला तर मुळीच कळू द्यायचं नाही. या बैठकीत वाईट कुणीच नसतं, सगळे मायेपोटीच बोलत असतात. पण रुग्णाच्या मनाबद्दलचे आपले बरेच समज तपासून पाहिले की टिकत नाहीत. काही तर रुग्णाला थेट एकटं पाडतात.

गैरसमज : कळलं तर माणूस खचेल, म्हणून लपवलेलं बरं

कॅन्सरच्या कुठल्याही ओपीडीत तासभर बसा, हे दिसेल. वडील खुर्चीवर, मुलगा त्यांच्या मागे उभा. डॉक्टरांनी फाईल उघडली की मुलगा वडिलांच्या डोक्यावरून खुणा करतो, ‘नको, नको’. बायोप्सी म्हणजे ‘तुकडा तपासायला दिलाय’, केमो म्हणजे ‘ताकदीचं सलाइन’, रेडिएशन म्हणजे नुसता ‘शेक’. ‘कार्सिनोमा’ लिहिलेला रिपोर्ट घडी घालून पिशवीच्या तळाशी, डब्याखाली. वर ही गुप्तता पाळायची परळच्या टाटा रुग्णालयात! ‘त्यांना टाटाला नेलंय’ एवढं म्हटलं की महाराष्ट्रातल्या कुठल्याही गावात पुढचं काही विचारावं लागत नाही.

रुग्णाला कळतंच. केस जातात, वजन उतरतं, भेटायला आलेले डोळ्याला डोळा देत नाहीत, बायको फोन आला की स्वयंपाकघरात जाते. त्याला अंदाज आलेला असतो, पण घरच्यांना त्रास नको म्हणून तोही विचारत नाही. दोन्ही बाजूंनी एकमेकांना जपणं चालू असतं आणि बोलत कुणीच नसतं. मग सोसायटीच्या कर्जाचं काय, दुकान कुणी बघायचं हे प्रश्न राहून जातात. ‘मला भीती वाटते’ हे साधं वाक्यसुद्धा राहून जातं.

निदान ऐकल्यावर धक्का बसतो, जेवण जात नाही, झोप उडते, हे खरंच आहे. पण पुढे काय करायचं हे स्पष्ट झालं, तारखा मिळाल्या, की बहुतेकांचा धक्का काही आठवड्यांत ओसरतो. अर्धवट कळलेल्या गोष्टीची भीती मात्र तशी ओसरत नाही. याला कायद्याचीही बाजू आहे. २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने एका निकालात स्पष्ट केलं की तातडीची वेळ नसेल तर सज्ञान, सक्षम रुग्णाऐवजी नातेवाइकाची संमती चालत नाही. त्या खटल्यात ऑपरेशनच्या टेबलावर असलेल्या मुलीसाठी आईने दिलेली संमती न्यायालयाने ग्राह्य धरली नव्हती. ज्याला आजाराचं नावच माहीत नाही, तो संमती कशाला देणार?

म्हणून सगळं एका दमात ओतावं असं नाही. चांगला डॉक्टर आधी विचारतो, ‘तुम्हाला आजाराबद्दल काय काय माहीत आहे? अजून किती जाणून घ्यायचंय? तुमच्याशी बोलू की मुलाशी?’ पुष्कळ वयस्क माणसं ‘तूच बघ बाबा काय ते’ म्हणून मोकळी होतात. तोही त्यांचा हक्क. फक्त ते त्यांनी स्वतः ठरवलेलं असावं. विचारलं तर खोटं बोलू नये, विचारलं नाही तर लादू नये, एवढं पाळलं तरी पुष्कळ झालं.

मुलांचंही तेच. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला काहीच सांगितलं नाही तर ते स्वतःच गोष्ट रचतं, आणि त्या गोष्टीत पुष्कळदा दोषी तेच असतं: ‘मी त्रास दिला म्हणून आई आजारी पडली.’ आजाराचं नाव, तो तुझ्यामुळे झालेला नाही, तुला लागणार नाही, आणि उद्यापासून शाळेत कोण सोडणार, एवढं सांगितलं तर मूल पुष्कळ सावरतं.

गैरसमज : मन खंबीर असलं की कॅन्सर पळतो

हा सगळ्यात लाडका समज, आणि माझ्या मते सगळ्यात क्रूर. कारण याचा उलटा अर्थ आपोआप निघतो: आजार वाढला, म्हणजे तुझीच इच्छाशक्ती कमी पडली.

या समजाला एकेकाळी विज्ञानाचा आधार मिळाल्यासारखा वाटला होता. १९८९ साली अमेरिकेत डेव्हिड स्पीगल यांनी पसरलेला स्तनांचा कॅन्सर असलेल्या ८६ स्त्रियांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. दर आठवड्याला गटात बसून मनातलं बोलणाऱ्या स्त्रिया इतरांपेक्षा जवळपास दुप्पट काळ जगल्या, असा निष्कर्ष होता. बातमी जगभर गेली. मग कॅनडात २३५ स्त्रियांवर तसाच, अधिक मोठा प्रयोग झाला. २००१मध्ये त्याचा निकाल आला: गटामुळे आयुष्य वाढलं नाही. खुद्द स्पीगल यांच्या पुढच्या अभ्यासातही पहिला निष्कर्ष पुन्हा मिळाला नाही. डोकं आणि मानेच्या कॅन्सरच्या हजाराहून अधिक रुग्णांची २००७ साली पाहणी झाली, तेव्हाही मनःस्थितीवरून कोण किती जगेल हे सांगता आलं नाही.

‘टेन्शन घेऊन घेऊन झाला’ याचीही गत तीच. युरोपातल्या एक लाखाहून जास्त माणसांच्या २०१३च्या पाहणीत कामाचा ताण आणि कॅन्सर यांचा संबंध दिसला नाही. तंबाखूचा संबंध आहे, तो शंभर टक्के खरा. पण तोंडाचा कॅन्सर झालेल्याला रोज ‘खात होतास ना गुटखा!’ ऐकवून काही साधत नाही. निदान झाल्यावरही तंबाखू सोडली तर फायदा होतो, हे त्याला सांगायला हवं, आणि सोडायला मदत करायला हवी.

कॅनडाच्या प्रयोगातला दुसरा निष्कर्ष मात्र मागे पडला. आयुष्य वाढलं नाही, पण मन हलकं झालं आणि दुखणंही कमी जाणवलं. आधीपासून जास्त अस्वस्थ असलेल्या स्त्रियांना तर विशेष. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग रुग्णालयात कॅन्सररुग्णांच्या मनाचा अभ्यास उभा करणाऱ्या डॉ. जिमी हॉलंड या ‘पॉझिटिव्ह राहा’च्या आग्रहाला सरळ जुलूम म्हणत. रडू आलं तर रडू द्यावं. रडल्याने गाठ वाढत नाही.

गैरसमज : मग घरच्यांच्या आधाराने फरक पडतो तो मनाच्या समाधानापुरता

पडतो, आणि चांगलाच पडतो. फक्त आपण समजतो त्या वाटेने नाही. अमेरिकेतल्या सात लाखांहून अधिक कॅन्सररुग्णांच्या नोंदी २०१३ साली तपासल्या गेल्या. लग्न झालेल्यांचा आजार लवकरच्या टप्प्यावर पकडला गेला होता, त्यांनी योग्य उपचार जास्त प्रमाणात घेतले होते आणि त्यांचं जगण्याचं प्रमाणही जास्त होतं. घरात कुणीतरी ‘ती गाठ दाखवून ये’ म्हणून मागे लागणारं होतं, तारखेला बरोबर येणारं होतं, असा त्याचा अर्थ अभ्यासकांनी लावला.

केमोनंतर साधारण सात ते चौदा दिवसांत पांढऱ्या पेशी सगळ्यात कमी होतात. त्या काळात ताप १००.४च्या वर गेला तर सकाळची वाट न बघता रुग्णालय गाठायचं असतं. हे लक्षात ठेवणारा, घरात थर्मामीटर आहे की नाही बघणारा माणूस म्हणजे आधार. तोंडाच्या ऑपरेशननंतर नाकातून नळी असते, तेव्हा वरण-भात मिक्सरमधून काढून, गाळून, कोमट करून नळीतून हळूहळू सोडणारी बायको म्हणजे आधार. सर्दी झालेल्या पाहुण्याला दारातूनच परत पाठवणारी सूनही त्यातच आली. ‘आमच्या भाचीचं असंच झालं होतं, सहा महिन्यांत गेली’ सांगणारे आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचा काढा घेऊन येणारेही तिने परत पाठवले तर दुधात साखर.

केमोनंतरच्या दोन-तीन दिवसांत माणूस उगाच चिडतो, रात्रभर जागा राहतो. त्याचा स्वभाव बदललेला नसतो. उलटी होऊ नये म्हणून दिलेल्या स्टिरॉइडचाही त्यात हात असतो. हे माहीत असलं तर अर्धी भांडणं टळतात.

गैरसमज : वेगळी ताटवाटी, वेगळी खोली

कॅन्सर लागत नाही. स्पर्शाने नाही, उष्ट्याने नाही, एका अंथरुणात झोपल्याने नाही. बाहेरून मशीनने शेक घेणाऱ्याच्या अंगात किरण उरत नाहीत; नातवाला मांडीवर घ्यायला काही हरकत नाही. अपवाद थायरॉइडसाठी किरणोत्सारी आयोडीन घेतलेल्यांचा, त्यांना काही दिवस अंतर ठेवायला सांगतात. केमोनंतर दोन दिवस उलटी, लघवी साफ करताना हातमोजे घालावेत. बाकी वेगळं ताट माणसाला काय सांगतं, ते ताट वाढणाऱ्याला कळत नाही.

गैरसमज : आजारच एवढा मोठा, उदास तर वाटणारच

उदास वाटणं वेगळं आणि नैराश्याचा आजार वेगळा. ९४ अभ्यास एकत्र करून २०११ साली जो हिशेब मांडला गेला, त्यात तीव्र नैराश्य साधारण सहा रुग्णांमागे एकाला आढळलं. म्हणजे सहातल्या पाचांना ते नव्हतं. त्याला ‘साहजिक’ म्हणून सोडून देता येत नाही. भूक आणि झोप यांवरून ओळखणं अवघड, कारण केमोही तेच करते. पण दोन आठवडे कशातच रस नाही, नातवंडं आली तरी तोंड भिंतीकडे, ‘माझ्यामुळे सगळ्यांचे हाल’ हेच पालुपद, किंवा मरणाची भाषा, असं दिसलं तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवावं. गोळ्या लागल्या तर कॅन्सरच्या डॉक्टरांना कळवून घ्याव्यात. स्तनांच्या कॅन्सरवरची टॅमॉक्सिफेन ही गोळी चालू असेल तर नैराश्यावरच्या पॅरॉक्सेटिन, फ्लुओक्सेटिनसारख्या गोळ्या टाळतात, कारण त्या टॅमॉक्सिफेनच्या कामात अडथळा आणतात.

‘पडून राहा, उठू नकोस’ हाही असाच मायेचा सल्ला. कॅन्सरचा थकवा झोपून जात नाही. डॉक्टरांना विचारून रोज थोडं चाललं तर कमी होतो. भाजी निवडणं, हिशेब लिहिणं, झेपेल ते काम काढून घेऊ नये.

गैरसमज : पॅलिएटिव्ह म्हणजे सगळं संपलं

बॉस्टनमध्ये पसरलेला फुप्फुसाचा कॅन्सर असलेल्या १५१ रुग्णांवर झालेला अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. ज्यांना केमोबरोबर सुरुवातीपासूनच पॅलिएटिव्ह सेवा मिळाली, म्हणजे दुखणं, दम, भीती यांवर वेगळं लक्ष दिलं गेलं, त्यांच्यात नैराश्य निम्म्याहून कमी होतं. आणि ते सरासरी अडीच-पावणेतीन महिने जास्त जगले. दुखणाऱ्या माणसाला धीर देऊन उपयोग नाही, आधी त्याचं दुखणं थांबवावं लागतं. डॉक्टरांनी लिहिलेलं मॉर्फिन ठरलेल्या मात्रेत घेतल्याने माणूस व्यसनी होत नाही. पुण्यात वारज्याला सिप्लाचं पॅलिएटिव्ह केंद्र १९९७पासून विनामूल्य ही सेवा देतं. बांद्र्याचं शांती आवेदना सदन १९८६पासून आहे, गोव्यातही त्याची शाखा आहे.

गैरसमज : बाईला सोसायची सवयच असते

अमेरिकेत २००९ साली ५१५ गंभीर आजारी माणसांची पाहणी झाली, त्यात बहुतेक कॅन्सरचे रुग्ण होते. नवरा आजारी पडला तेव्हा संसार मोडण्याचं प्रमाण २.९ टक्के होतं. बायको आजारी पडली तेव्हा २०.८ टक्के. आपल्याकडे असा आकडा सहजी निघायचा नाही. इथे बाईला ‘थोडे दिवस माहेरी राहा’ म्हणतात आणि त्याला कुणी संसार मोडणं म्हणत नाही. जी घरी राहते ती दोन केमोंच्या मध्ये पोळ्या लाटते. आणि सेवा करणारीही बहुधा बाईच असते: बायको, मुलगी, सून. तिच्या झोपेची, तिच्या बीपीच्या गोळ्यांची चौकशी क्वचितच होते. आठवड्यातली एक रात्र दुसऱ्या कुणी जागायची, हे भावंडांनी वाटून घ्यावं.

बाहेरगावाहून मुंबईला येणाऱ्यांना दादरची गाडगे महाराज धर्मशाळा ठाऊक असावी. कॅन्सरचे रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक तिथे स्वस्तात राहतात. मनाचा भार असह्य झाला, रुग्णाचा किंवा तुमचा स्वतःचा, तर ‘टेलि मानस’चा १४४१६ हा सरकारी क्रमांक दिवसरात्र चालू असतो. तिथे मराठीत बोलता येतं आणि पैसे पडत नाहीत.