पैठणीच्या पदरावरची निसर्गनक्षी

पैठणीचा पदर टॅपेस्ट्रीच्या पद्धतीने विणला जातो. नक्षी नंतर भरत नाहीत. विणतानाच प्रत्येक रंगाच्या रेशमाची वेगळी कांडी नक्षीपुरतीच फिरते. शेजारचे रंग एकमेकांत अडकवल्यामुळे पदर दोन्ही बाजूंनी सारखा दिसतो. मोर, मुनिया, कमळ आणि वेलफुलांची असावली हे पारंपरिक नमुने.

फ्रान्समधील ओब्यूसाँ गावात अशीच विणाई भिंतीवरच्या पडद्यांसाठी होते. विसाव्या शतकात चित्रकार झाँ ल्युर्सा यांनी कोंबडे, पाने, सूर्य यांतून तिला आधुनिक रूप दिले. २००९ मध्ये युनेस्कोने ही कला अमूर्त वारशाच्या यादीत घेतली.

पैठणीला भौगोलिक मानांकन आहे. तिचे हातमाग पैठण आणि येवल्यात पाहता येतात.