चेनला ढील लागतेच

चेन जितकी ताठ तितकी गाडी ठणठणीत, अशी समजूत दूधवाल्यांपासून कॉलेजच्या पोरांपर्यंत सगळ्यांची आहे. गॅरेजवर येणारं गिऱ्हाईक म्हणतं, "मिस्त्री, चेन वाजतीय, चांगली ओढून बसवा." तिचं वाजणं मी थांबवतो, पण तिला ताठ करत नाही.

मागचं चाक स्विंग आर्मवर बसतं आणि खड्ड्यात तो आर्म वरखाली होतो. त्याची बिजागरी पुढच्या स्प्रॉकेटच्या थोडी मागे असते. शॉकअप दबत गेला की पुढचं स्प्रॉकेट, बिजागरी आणि मागचा एक्सल एका रेषेत येतात. त्या क्षणी दोन्ही स्प्रॉकेटमधलं अंतर सर्वांत जास्त असतं आणि रिकाम्या गाडीला ठेवलेली ढील तिथं कामी येते. ढील नसेल तर प्रत्येक खड्ड्याला चेन गिअरबॉक्सचा शाफ्ट मागे ओढते. ऑइल सील गळतं, बेअरिंग खराब होतं आणि ते बदलायला बहुतेक गाड्यांचं इंजिन उघडावं लागतं. दुधाचे कॅन लादलेल्या गाडीचा शॉकअप कायम दबलेला असतो, म्हणून ताठ चेनचा मार तिलाच जास्त बसतो.

फार सैल चेनही धोक्याची. ती कव्हरवर आपटते, दात सोडते आणि उतरून अडकली तर चालत्या गाडीचं मागचं चाक जाम होतं.

चेन सैल होते ती पिन आणि बुश झिजल्यामुळे. १०० सीसीच्या बहुतेक गाड्यांच्या चेनची एक कडी १२.७ मिलिमीटरची असते आणि अशा कड्या शंभरावर असतात. प्रत्येक कडीत ०.०५ मिलिमीटर झीज धरली, तरी सगळी चेन ५ मिलिमीटरने लांबते. शिवाय झीज सगळीकडे सारखी नसते.

म्हणून गाडी मेन स्टँडवर, न्यूट्रलमध्ये आणि इंजिन बंद ठेवून चाक हातानंच फिरवा. इंजिन चालू ठेवून चेनजवळ हात नेला, तर बोट जायला क्षण पुरतो. चेन जिथं सर्वांत ताठ लागते, तिथं थांबा. खालच्या बाजूला मधोमध पट्टी धरून चेन बोटानं वरखाली करा. अशा गाड्यांना साधारण २० ते ३० मिलिमीटर हालचाल लागते. आपल्या गाडीचा आकडा मॅन्युअलमध्ये बघून तोच पाळा.

एक्सलचा नट सैल करून दोन्ही बाजूंचे अ‍ॅडजस्टर सारखेच फिरवा. आर्मवरच्या खुणा दोन्हीकडे जुळल्या नाहीत तर चाक तिरकं बसतं आणि स्प्रॉकेटचे दात एका बाजूनं झिजतात. नट आवळताना ढील बदलते, म्हणून आवळून झाल्यावर पुन्हा मोजा.

यानंतरची पायरी बरेच जण विसरतात. ड्रम ब्रेकच्या गाडीत चाक मागे सरकलं की ब्रेकचा रॉड ओढला जातो. पेडलची ढील परत लावली नाही तर ब्रेक घासत राहतो आणि ड्रम तापतो. चाक मोकळं फिरतंय का आणि मागचा ब्रेकचा दिवा उगाच पेटलेला राहत नाही ना, हे बघूनच गाडी रस्त्यावर काढा.

मागच्या स्प्रॉकेटवरून चेन मागे ओढल्यावर अर्धा दात उघडा पडत असेल, तर आता अ‍ॅडजस्टर फिरवण्यात अर्थ नाही. चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट एकदमच बदला, कारण जुन्या दातांवर नवी चेन लवकर संपते.