व्होल्टेज वाढलं की चव का बदलते?

ओलिताच्या हंगामात यवतमाळकडच्या एखाद्या गावात एकाच डीपीवरच्या सगळ्या मोटरी सुरू झाल्या, की व्होल्टेज पडतं. पाणी ओढायचं काम तेवढंच असतं. मग मोटर जास्त करंट खेचते, वाइंडिंग तापतं आणि जळतं. ई-सिगारेटमधल्या तारेचं गणित मात्र उलटं आहे. तिथे व्होल्टेज चढलं की जळतं, आणि त्याची पहिली खबर ओढणाऱ्याच्या नाकाला आणि जिभेला लागते.

चीनमधले औषधतज्ज्ञ होन लिक यांनी २००३च्या सुमारास विकसित केलेल्या या उपकरणात तंबाखू जळत नाही. आत लिथियम बॅटरी, धातूच्या बारीक तारेची कॉइल आणि द्रवात भिजलेला कापूस असतो. द्रव म्हणजे प्रॉपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, स्वादद्रव्यं आणि बहुतेक वेळा निकोटीन. झुरका घेतला की कॉइल तापते आणि द्रवाची वाफ होते.

तारेचा रोध तोच राहिला, तर तिच्यातली उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. दोन ओहमच्या कॉइलला ३.३ व्होल्ट दिले तर साधारण साडेपाच वॅट उष्णता निघते. पाच व्होल्ट दिले तर साडेबारा वॅट. व्होल्टेज दीडपट, उष्णता सव्वादोन पटींहून जास्त. साध्या उपकरणात पूर्ण भरलेली बॅटरी ४.२ व्होल्टवरून साडेतीनवर उतरली, तरी कॉइलची ताकद सुमारे तीस टक्क्यांनी घटते. संध्याकाळपर्यंत स्वाद फिका वाटू लागतो, तो यामुळे.

प्रत्येक स्वादद्रव्याची उडून जाण्याची तयारी वेगळी असते. केळ्याचा वास देणारं आयसोअमाइल अ‍ॅसिटेट १४२ अंशांना उकळतं, तर व्हॅनिलाचं व्हॅनिलिन २८५ अंशांच्या आसपास. त्यामुळे सौम्य उष्णतेवर फळांचे हलके वास पुढे येतात. उष्णता वाढली की जड, गोडसर वासांनाही वाव मिळतो. आणखी वाढली, की द्रवच मोडायला लागतो.

ग्लिसरीन मोडलं की अ‍ॅक्रोलीन तयार होतं. कढईतलं तेल फार तापल्यावर नाकाला झोंबणारा जो धूर सुटतो, त्यातही हेच असतं. सोबत फॉर्मल्डिहाइड आणि अ‍ॅसिटल्डिहाइडही निघतात. कापूस कोरडा पडला, तर तापमान आणखी उसळतं आणि तोंडात करपट, कडवट चव येते. वापरणारे त्याला ‘ड्राय पफ’ म्हणतात.

याच मुद्द्यावर २०१५मध्ये शास्त्रज्ञांची जुंपली. अमेरिकेतल्या पोर्टलंड स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये लिहिलं, की ३.३ व्होल्टवर फॉर्मल्डिहाइड सोडणारी संयुगं सापडली नाहीत, पाच व्होल्टवर मात्र सापडली. ग्रीक संशोधक कॉन्स्टँटिनोस फार्सालिनोस आणि सहकाऱ्यांनी हरकत घेतली: इतकी करपट वाफ माणूस ओढणारच नाही, यंत्र ओढतं.

हरकतीत तथ्य आहे, पण जिभेवर किती भिस्त ठेवायची हा प्रश्न उरतोच. लोण्याचा स्वाद देणारं डायअ‍ॅसिटिल करपल्याशिवायही घातक ठरू शकतं. खाण्यात ते चालतं. पण २०००मध्ये मिसुरीतल्या एका पॉपकॉर्न कारखान्यात लोण्याच्या स्वादाची वाफ श्वासात गेलेल्या कामगारांना फुप्फुसांचा गंभीर आजार झाल्याचं उघड झालं. हार्वर्डच्या संशोधकांनी २०१५मध्ये ५१ स्वादांची ई-सिगारेट उत्पादनं तपासली, तेव्हा ३९ मध्ये डायअ‍ॅसिटिल निघालं. चव मात्र उत्तमच लागते.

भारतात २०१९च्या कायद्यानं ई-सिगारेटचं उत्पादन, आयात, विक्री, साठवणूक आणि जाहिरात यांवर बंदी आहे. विकताना पहिल्यांदा सापडल्यास एक वर्षापर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. विदर्भातल्या पानठेल्यांवर ई-सिगारेटपेक्षा चलती आहे ती खर्ऱ्याची: सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घोटून केलेला. २०१६-१७च्या जागतिक प्रौढ तंबाखू पाहणीनुसार महाराष्ट्रात २४.४ टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखू वापरत होते, धूम्रपान करणारे ३.८ टक्के होते. वणी-पांढरकवड्याच्या डॉक्टरांसमोर तोंड उघडू न शकणारे रुग्ण येतात, ते प्रामुख्यानं या पहिल्या गटातले.