गाइड कुठं थांबतो

एडिंबरोच्या दक्षिणेला 35-40 किलोमीटरवर पीबल्स हे छोटं गाव आहे. त्याला लागून, ट्वीड नदीच्या खोऱ्यात ग्लेनट्रेसचं जंगल पसरलं आहे. इथली झाडं बहुतेक लाकडासाठी लावलेली, सिटका स्प्रूस, डग्लस फर, लार्च अशी. त्यांच्यामधून माउंटन बाइकसाठी मुद्दाम बांधलेल्या वाटा जातात. 2023 च्या जागतिक अजिंक्यपदाच्या क्रॉस कंट्री शर्यती इथंच झाल्या आणि पुरुषांची शर्यत टॉम पिडकॉकनं जिंकली. एरवी सुट्टीच्या दिवशी मात्र इथं सहा-आठ जणांचे साधे गट एका गाइडबरोबर निघतात. एडिंबरोत शिकायला किंवा नोकरीला असलेली मराठी मुलंमुलीही अशा गटातून सहज जाऊ शकतात. म्हणून तो दिवस कसा चालतो ते नीट सांगावंसं वाटतं.

गाइड सायकल किती सफाईनं चालवतो, हे बघायला छान वाटतं. पण त्याची खरी पारख तो गटाला कुठं थांबवतो यावरून होते.

पहिला थांबा वाहनतळावरच असतो. सायकल तपासताना हात इंग्रजी एम अक्षरासारखा फिरतो. पुढच्या चाकापासून वर हँडलपर्यंत, तिथून खाली पेडलांच्या आसापर्यंत, पुन्हा वर सीटकडे आणि शेवटी मागच्या चाकाकडे. या क्रमानं गेलं की काही सुटत नाही. मग टायर. रस्त्यावरच्या सायकलची सवय असलेल्याला यात हवा कमीच वाटते. साधारण 20 ते 30 पीएसआय. अंगठ्यानं जोरात दाबला तर टायर थोडा आत जातो. तसाच तो दगडावर आणि मुळावर दबतो, जमिनीला जास्त टेकतो आणि पकड देतो. आत ट्यूब असती तर इतक्या कमी हवेत ती दगड आणि रिमच्या मध्ये चिमटून फुटली असती. म्हणून बहुतेक टायर ट्यूबलेस असतात आणि आतला पातळ चीक बारीक भोकं आपोआप बुजवतो.

ब्रेकची एक गोष्ट आपल्या लोकांच्या पथ्यावर पडते. ब्रिटनमध्ये पुढचा ब्रेक उजव्या हाताला असतो, आपल्या मोटरसायकलसारखाच. युरोपात इतरत्र सायकल भाड्यानं घेतली तर तो बहुधा डाव्या हाताला सापडतो, आणि उतारावर हा फरक महागात पडतो. त्यामुळे गाइड सपाटीवरच प्रत्येकाला दोन्ही ब्रेक वेगवेगळे दाबून बघायला लावतो. एकेका ब्रेकवर एकच बोट ठेवायचं, बाकीच्या बोटांनी हँडल धरायचं.

त्याच सपाटीवर तो उभं राहायला शिकवतो. उतारावर सीटवर बसायचं नसतं. दोन्ही पेडलं एका पातळीत, टाचा किंचित खाली, गुडघे आणि कोपरं वाकलेली, नजर चाकासमोर न ठेवता पुढं वाट जिथं जाते आहे तिथं. डाव्या अंगठ्याजवळची कळ दाबून वजन टाकलं की सीट खाली जाते आणि अंगाला हालचालीला जागा मिळते. चढ आला की पुन्हा कळ दाबायची, सीट वर येते.

वाटांना रंग आहेत. हिरवी सोपी, निळी मध्यम, लाल अवघड, काळी फार अवघड. पण रंग ठरला म्हणून दिवस ठरत नाही. रात्री पाऊस झाला असेल तर मुळं निसरडी होतात आणि निळी वाटही नवख्याला जड जाते. शिवाय आज झाडतोड कुठं चालू आहे हेही बघावं लागतं. आपल्याकडे अभयारण्यात शिरायलाच वनखात्याची परवानगी लागते. स्कॉटलंडमध्ये 2003 च्या जमीन सुधारणा कायद्यानं जबाबदारीनं वागणाऱ्या कुणालाही रानावनात चालायचा आणि सायकल चालवायचा हक्क दिला आहे. तरीही झाडतोडीची पाटी लागली की तिथून मागं फिरायचं. गाइड हे सकाळीच पाहून आलेला असतो.

चढाला बराच वेळ जातो आणि इथं गाइड मुद्दाम हळू जातो. बोलता आलं पाहिजे, हेच माप. दम लागून गप्प झालेला माणूस वर पोहोचतो खरा, पण खाली उतरताना त्याचे पाय थरथरतात आणि पडणं तिथंच होतं. दुसरी चूक गटाची असते. पुढचे वर पोहोचून आराम करतात आणि मागचा आला रे आला की निघतात. म्हणजे ज्याला विश्रांती सगळ्यात जास्त हवी, त्यालाच ती मिळत नाही. चांगला गाइड शेवटचा माणूस आल्यावरच घड्याळ लावतो.

माथ्यावर थांबला की त्याचं पहिलं वाक्य असतं, "जॅकेट घाला." अंगात ऊब असतानाच. घामानं ओला झालेला सदरा स्कॉटिश वाऱ्यात काही मिनिटांत गार पडतो, आणि गारठलेल्या बोटांना ब्रेकचा अंदाज येत नाही.

आता उतार. समजा वळणापुढं मुळांची एक पायरी आहे, गुडघ्याच्या निम्म्या उंचीची. गाइड तिच्याआधी वीस-तीस पावलांवर थांबतो. सायकली वाटेच्या बाहेर आडव्या ठेवून सगळे चालत जाऊन पायरी बघतात. तो बूट ठेवून दाखवतो, चाक इथून न्यायचं. ब्रेक कुठं सोडायचा तेही सांगतो, पायरीच्या आधी, पायरीवर नाही. फिरतं चाक पकड धरून राहतं. ब्रेकनं अडकलेलं चाक ओल्या मुळावरून बाजूला सरकतं. ज्याला नको वाटेल त्यानं सायकल हातात धरून बाजूनं उतरायचं. हे तो आधीच, सगळ्यांसमोर, सहज सुरात सांगतो, म्हणजे कुणाला ते नंतर मागावं लागत नाही.

मग तो स्वतः उतरतो आणि सगळ्यात वाईट जागा नजरेत राहील असा उभा राहतो. एकेक जण सोडायचा, पहिला मोकळा झाल्याशिवाय दुसरा नाही. उतरलेल्यानं पायरीखाली रेंगाळायचं नाही, पुढं जाऊन वाटेबाहेर उभं राहायचं, कारण मागचा वेगात येतो आणि त्याला खालचं काही दिसत नसतं. शेवटी गटातला एक सराईत स्वार येतो. त्याच्यामागं कुणीही राहू नये, हेच त्याचं काम. फाट्यावर नियम आणखी साधा: मागचा माणूस दिसेपर्यंत पुढच्यानं हलायचं नाही. असं केलं तर धुक्यातही गट तुटत नाही.

गाइडच्या पाठपिशवीत चेन जोडायची कडी, पंप, एक जादा ट्यूब, प्रथमोपचाराचं सामान आणि एक मोठं हलकं तंबूसारखं आवरण असतं. कुणी जखमी झालं तर चार-सहा जण त्या आवरणाखाली बसून अंगाची ऊब टिकवतात. 999 वर फोन करून आधी पोलीस आणि मग पर्वतीय बचाव पथक मागायचं. या खोऱ्यासाठी ट्वीड व्हॅलीचं स्वयंसेवकांचं पथक आहे आणि सायकलस्वारांसाठी त्याला बऱ्याचदा यावं लागतं.

उतारावर चाक घासत नेऊ नका, असं गाइड दिवसभर सांगत राहतो. ते नुसतं पडण्याच्या भीतीपोटी नसतं. अडकलेलं चाक मातीत चर पाडतं. पाऊस त्या चरातून वाहतो आणि चर खोल होत जातो. मग वाट बांधणाऱ्यांनी पाणी बाजूला काढण्यासाठी ठेवलेले उंचसखल बांध निकामी होतात.

परतल्यावर सायकल धुवायला रांग लागते. टायरच्या खाचांतला चिखल ब्रशनं काढायचा, बुटांचाही. फायटॉफ्थोरा रॅमोरम नावाच्या रोगानं स्कॉटलंडमधली असंख्य लार्चची झाडं मारली आहेत, आणि तो मातीबरोबर एका जंगलातून दुसऱ्यात जाऊ शकतो. पुढच्या आठवड्यात हीच सायकल दुसऱ्या खोऱ्यात नेणार असाल, तर पेडलांच्या मागची मातीही सोडू नका.